नाव विचारून काढलेला फोटो

उमरग्यात रस्त्यावरच्या माणसाचा फोटो कसा काढावा, हे सांगण्याआधी थोडं मागं जावं लागतं. १८९९-१९०० च्या दुष्काळाच्या वेळी उमरगा निजामाच्या राज्यात होतं. त्या दुष्काळात त्याच राज्यातल्या औरंगाबादेत, गरीबखान्यात आलेल्या माणसांचे फोटो राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओनं काढले. हाडांचे सापळे झालेली तरुण पोरं. फोटोखाली गावाचं नाव आहे, पोरांची नाहीत. ती फक्त 'खंगलेल्या तरुणांचे नमुने'. ही रीत जुनीच. १८६८ ते १८७५ मध्ये निघालेल्या 'द पीपल ऑफ इंडिया'च्या ८ खंडांत माणसं जातीजमातींचे नमुने म्हणूनच छापली गेली.

अशा फोटोंची दुसरी परंपरा लंडनची, आणि माणसाची हकिकत सांगणाऱ्या फोटोचं खरं मूळ मला तिथं दिसतं. १८७७ मध्ये जॉन थॉमसन यांनी पायरीवर बसलेल्या एका बेघर बाईचा फोटो काढला, अडॉल्फ स्मिथ यांनी तिची हकिकत लिहिली. बाई शिंप्याची विधवा. कुशीतलं मूल दुसरीचं; ती कॉफीच्या दुकानात कामाला जाते तोवर ही ते सांभाळते, बदल्यात चहा नि पावाचा तुकडा. एवढं कळलं की त्या चेहऱ्याकडे नुसती कीव करून बघता येत नाही. पण नाव तिथंही नाही.

१९३६ मध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात शेतमजूर आईचा फोटो काढला. तो जगभर गेला. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचं नाव लोकांना कळलं १९७८ मध्ये. आपल्याला नाव विचारलं नाही, फोटोची प्रतही मिळाली नाही, ही तिची तक्रार होती.

माणसाच्या जागी नुसता शिक्का उरणं उमरग्याकडेही घडलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं भुईसपाट झाली. सास्तूर तेव्हा उमरगा तालुक्यातच होतं. पत्र्याच्या शेडमध्ये आलेली माणसं कालपर्यंत घरदार, शेतीवाडी असलेली होती. 'भूकंपग्रस्त' म्हटलं की ते सगळं पुसलं जातं.

म्हणून उमरग्याच्या बसस्थानकावर किंवा हायवेच्या कडेला पथारी टाकलेल्या कुणाचा फोटो काढायचा, तर आधी शेजारी बसावं. काढू का, म्हणून विचारावं. नको म्हणाले तर कॅमेरा ठेवून द्यावा. केस विंचरायला, पदर नीट करायला वेळ द्यावा. उभ्यानं खाली रोखून नव्हे, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवरून काढावा. नाव, गाव, पूर्वीचं काम त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावं, कुठं छापणार तेही सांगावं. आणि एक प्रत त्यांच्या हातात द्यावी. लॅमिनेशन करूनच, कारण उघड्यावर कागद एक पावसाळाही टिकत नाही.