बोट लागते तेव्हा

'बोट लागली' या शब्दांचे मराठीत दोन अर्थ. एक, बोट धक्क्याला आली. दुसरा, पोटात ढवळू लागलं! मुंबईच्या कोकणी चाकरमान्यांना दोन्ही चांगलेच ठाऊक होते. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली आगबोट रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण अशी बंदरं घेत पणजीकडे जायची. डाव्या हाताला किनारा, किल्ले, माडांची रांग. पण बघायला मान वर कोण काढणार? कित्येक जण वळकटीवर आडवे.

कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो, आपण हलतोय. डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते. या बेबनावाने मळमळतं. जाणते प्रवासी हे शास्त्र न शिकताच बोटीच्या मध्यावर जागा धरत, कारण टोकाला हेलकावा मोठा. खालच्या डेकवर डोलणं कमी, पण तिथे इंजिनाच्या तेलाचा वास. मला विचाराल तर वारा बरा. नजर क्षितिजावर, पोट अर्धं भरलेलं, हातात लिंबू किंवा आलेपाक.

जागेपेक्षा मोठी निवड मोसमाची. पावसाळ्यात लांबची आगबोट बंदच असे, जवळच्या फेऱ्या मात्र चालत. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली.

आजही पावसाळ्यात गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँची बंद असतात. "एवढा काय पाऊस आहे?" असं तिथे कुरकुरणारे भेटतात. मी त्यांना 'रामदास'ची तारीख सांगतो.