जिंजीचा वेढा कुठे मोडला?

मंडळी, चेन्नईहून जिंजी साधारण 150 किलोमीटर. राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी हे तीन डोंगर तटबंदीने जोडून केलेला किल्ला. शिवरायांनी तो 1677 मध्ये घेतला. 1690 मध्ये आत राजाराम महाराज आणि बाहेर झुल्फिकारखानाचा वेढा. किल्ला पडायला 1698 उजाडले.

इतकी वर्षे का लागली? लोक तटाकडे बोट दाखवतात. तट बळकट आहेच. पण मी नकाशावर बोट ठेवीन ते कांचीच्या रस्त्यावर. डिसेंबर 1692 मध्ये संताजी घोरपड्यांनी कांचीचा फौजदार अलीमर्दानखान पकडला, धनाजी जाधवांनी वेढ्यातला इस्माईलखान मका धरला. रसद तुटली आणि वेढा घालणारेच उपाशी! जानेवारी 1693 मध्ये झुल्फिकारखान वांदिवाशला मागे सरला. खान मराठ्यांना आतून सामील होता, असा संशय तेव्हाही होता. असेल, पण फितुरालाही जेवावे लागते.

जुलै 1999 मध्ये टायगर हिलवरही हेच. पश्चिमेच्या धारेवरची पाकिस्तानी कुमक तोडली, तेव्हा शिखर पक्के हाती राहिले.

जिंजीला मोगल सावरून परत आले. मात्र किल्ला पडण्याआधीच महाराज निसटले होते आणि विशाळगडाला पोहोचले.