पाळी कोणाची? संगणकांच्या रांगेचा इतिहास

मंडळी, सांगोल्यात बसून महासंगणकाच्या रांगेबद्दल बोलायचं, हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण आम्हाला वाटतं, या विषयाचे खरे जाणकार इथेच आहेत. नीरा उजव्या कालव्याच्या शेपटाकडचा आपला तालुका. शेजपाळी इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. सात नंबरचा अर्ज भरायचा, पीक आणि क्षेत्र लिहायचं, मंजुरी आली की आपल्या पाळीची वाट पाहायची. पाणी मोजकं, मागणारे पुष्कळ. महासंगणकाचंही असंच असतं.

आपण १९६४ पासून सुरुवात करू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला. बाहेरच्या संस्थांनाही तो वापरायला मिळे. छिद्रं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि उत्तराची वाट पाहायची. यंत्र एक आणि काम करणारा मेंदूही एकच, त्यामुळे प्रश्न सोपा होता: पुढचा नंबर कोणाचा?

पुढे हा प्रश्नच बदलला. अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला नकार दिल्यावर १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. एका बलाढ्य प्रोसेसरऐवजी अनेक लहान प्रोसेसर जोडून केलेलं हे यंत्र. आजचे क्लस्टर याच विचाराचे: शेकडो संगणक जोडलेले, प्रत्येकाला म्हणायचं नोड. आता 'पुढचा कोण' एवढं विचारून भागेना. 'किती नोड, किती वेळ' हेही ठरवावं लागलं. ते ठरवणारा प्रोग्रॅम म्हणजे शेड्युलर.

समजा, क्लस्टरमध्ये १०० नोड आहेत. ६० नोडवर एक काम चालू आहे, ते पाच तासांनी संपेल. रांगेत पहिल्या माणसाला ८० नोड हवेत. म्हणजे तो थांबला आणि ४० नोड रिकामे बसले. मागच्याला १० नोड दोनच तास हवे आहेत. त्याला पुढे सोडलं तर पहिल्याचं काहीच बिघडत नाही. याला बॅकफिल म्हणतात. १९९५च्या सुमारास अमेरिकेच्या अरगॉन प्रयोगशाळेत ही युक्ती रूढ झाली. मात्र ती सगळी अर्जातल्या तासांवर उभी आहे. कमी तास लिहिले तर काम अर्धवट तोडलं जातं. उगाच जास्त लिहिले तर फटीत शिरायची संधी जाते. खरं बोलणाऱ्याचा फायदा व्हावा अशी ही व्यवस्था आहे. नीतिशास्त्र शिकवण्यात आमची उमर गेली, पण इतकी साधी रचना क्वचितच पाहिली.

दुसरी कल्पना ऑस्ट्रेलियातली. सिडनी विद्यापीठाच्या के आणि लॉडर यांनी १९८८ साली 'फेअर शेअर' पद्धत मांडली. ज्याने अलीकडे जास्त वापर केला, तो रांगेत मागे जातो. पण जुना वापर हळूहळू विसरला जातो. कुणी कायमचा मागे राहत नाही. आज जगभर वापरला जाणारा स्लर्म हा शेड्युलर या दोन्ही कल्पना एकत्र चालवतो.

मग सगळे सारखेच का? नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ साली 'प्रत्युष' हा महासंगणक आला. २०२४ मध्ये 'अर्का' आला. हवामानाचं गणित पाऊस पडून गेल्यावर पुरं झालं, तर त्याचा काय उपयोग? म्हणून अंदाजाच्या कामाला आधी जागा द्यावी लागते. संशोधकाचा प्रबंध चार दिवस थांबू शकतो, पेरणी थांबत नाही. समानांना समान वागवा, असमानांना त्यांच्या फरकाप्रमाणे, असं ॲरिस्टॉटल सांगून गेला. अडचण एवढीच, की कुठला फरक महत्त्वाचा हे यंत्राला कळत नाही.

आमचा मुद्दा आता येतो. शेड्युलर प्रत्येक कामाला एक आकडा देतो. थांबण्याचे गुण किती, आधीच्या वापराचे किती, कामाच्या आकाराचे किती, हे वजन मात्र माणसं ठरवतात. २०१५ मध्ये राष्ट्रीय महासंगणन मोहीम सुरू झाली. तिच्यातून २०१९ साली पुण्याच्या आयसरमध्ये 'परम ब्रह्म' उभा राहिला. हा सार्वजनिक पैसा आहे. मोठ्या संस्थेचं मोठं काम आधी, की लहान कॉलेजातल्या विद्यार्थिनीचं छोटं? हा प्रश्न तांत्रिक नाही, न्यायाचा आहे. 'कॉम्प्युटरनेच ठरवलं' म्हणून तो झटकता येणार नाही.

पाणी शेपटाकडून डोक्याकडे द्यावं, असा शेजपाळीचा नियम आहे. तो नेहमी पाळला जातो, असं इथे कुणी म्हणणार नाही. पण नियम लिहिलेला आहे, म्हणून शेवटच्या चारीवरचा शेतकरी पाटकऱ्याला तो दाखवून भांडू शकतो. महासंगणकाच्या रांगेतल्या शेवटच्या माणसालाही एवढं तरी मिळालं पाहिजे: नियम काय आहे आणि तो कोणी केला, हे त्याला वाचता यावं.

आम्ही इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.