हिवाळ्यात घरातली फरशी : चिखल, ओल आणि नमाजाची जागा

हिंगोली जिल्ह्यात हिवाळ्यात पाऊस नसतो, तरी घरात चिखल येतो. रब्बीच्या गहू-हरभऱ्याला पाणी चालू असतं आणि काळी माती चपलेला चिकटून दारात पोचते. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. ओली असतानाच पुसली तर फरशीच्या सांध्यांत जाऊन बसते. म्हणून वाळू द्यावी, झाडावी, मगच पुसावं. नुसती माती पाकच. तयम्मुम तिच्यावरच होतो. पण शेण-मूत मिसळलं असेल तर नमाजाची जागा धुवूनच घ्यावी.

दुसरी ओल वजूची. फजरला ओल्या पायांनी जानमाजवर गेलं की थंडीत खालची सतरंजी लवकर सुकत नाही, कुबट वास धरते. वाटेत गोणपाट टाकावं, सतरंजीला अधूनमधून ऊन दाखवावं.

बऱ्याच जुन्या घरांत शहाबादी फरशी आहे. हा चुनखडीचा दगड. ॲसिड टाकल्यावर फेस येतो तो मळाचा नव्हे, दगडच विरघळतो. लिंबू, व्हिनेगरही नकोच.

वसमतकडे हळदीच्या दिवसांत पिवळे डाग पडतात. धुण्याच्या सोड्यानं ते लाल होतात. ऊन लागलं तर फिकटतात.