बुऱ्हाणपूरच्या भीमसेनाची तवारीख

वढू बुद्रुक हे शिरूर तालुक्यातले भीमेकाठचे गाव. फाल्गुन अमावास्येला इथे छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीपाशी माणसांची रीघ लागते. ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाच्या हुकमाने महाराजांना हालहाल करून मारले गेले, तेव्हा बादशाही छावणी इथेच, कोरेगावच्या आसपास पडली होती. ती क्रूरता होती आणि ती क्रूरता म्हणूनच सांगितली पाहिजे. आपल्यातले काही जण तिथे अडखळतात, ते बरे नव्हे. पण २०२५ साली ‘छावा’ चित्रपट आला आणि उर्दू शाळेतल्या मुलांच्याही तोंडी एकच प्रश्न आला, की त्या छावणीशी आपले काय नाते? या प्रश्नाला भाषणाने उत्तर देता येत नाही. त्या फौजेत ज्याने उमर घालवली, अशा माणसाचीच साक्ष काढावी लागते.

असा एक साक्षीदार आहे. त्याचे नाव भीमसेन सक्सेना. जातीने कायस्थ, धर्माने हिंदू, लेखणी फारसी. १६४९ साली बुऱ्हाणपुरात जन्मला. लहानपणीच औरंगाबादेस आला आणि दख्खनचाच होऊन गेला. त्याचे वडील रघुनंदनदास तोफखान्याकडे मुश्रीफ होते. (मुश्रीफ म्हणजे हिशेबावर देखरेख करणारा अंमलदार. आज आपल्याकडे हे आडनाव म्हणूनच उरले आहे.) चुलते भगवानदास दख्खनच्या दिवाणीपर्यंत चढले, त्यांना ‘दियानतराय’ असा किताब होता. भीमसेन मोगल सरदारांच्या हाताखाली नोकऱ्या करत गेला आणि पुढे दतियाच्या दलपतराव बुंदेल्याच्या पदरी राहिला. दलपतरावाबरोबर त्याने मोहिमा केल्या, वेढे पाहिले. थेट १७०७ पर्यंत हा प्रवास चालला. त्या साली जूनमध्ये जाजऊच्या लढाईत, औरंगजेबाच्या मुलांच्या आपसांतल्या झुंजीत, दलपतराव पडला. त्यानंतर म्हाताऱ्या भीमसेनाने सारे पाहिलेले लिहून पुरे केले. ग्रंथाचे नाव ‘नुस्खा-ए-दिलकुशा’.

नाव दिलकुशा, म्हणजे मन खुलवणारे. आत मात्र मन विटवणारे पुष्कळ आहे. बादशहा शहरात राहत नाही, कूच आणि लढाया संपत नाहीत, म्हणून लोकांनी बायकामुले छावणीत आणली आणि एक अख्खी पिढी तंबूत जन्मली, असे तो सांगतो. जहागिरीचे गुमास्ते रयतेला पिळतात, कुणबी नांगर टाकून हत्यार धरतो आणि मराठ्यांना जाऊन मिळतो, हेही तो लिहितो. मोगल राज्य दख्खनेत का खचले, हे समजून घेताना आजचे इतिहासकार या पानांकडे वारंवार वळतात. हिशेबाच्या घरात वाढलेल्या माणसाला खर्चाची वही कुठे फाटली ते बरोबर दिसते.

जिंजीचेच पाहा. संभाजी महाराजांना मारले की मराठे संपतील, हा बादशहाचा अंदाज होता. रायगड त्याच वर्षी पडलाही. पण राजाराम महाराज जिंजीला पोचले आणि मोगलांचा वेढा १६९० पासून १६९८ पर्यंत रेंगाळला. दलपतराव त्या वेढ्यात होता. भीमसेन सेनापती झुल्फिकारखानावर बोट ठेवतो: मनात आणले असते तर पहिल्याच दिवशी किल्ला घेतला असता, पण लढाई लांबवण्यातच सरदारांचा फायदा असतो. त्याच मोहिमांत कर्नाटकातली देवळे त्याने पाहिली आणि त्यांची वर्णनेही लिहिली. बादशहाचे मीठ खाल्ले म्हणून त्याची श्रद्धा कुठे लपून राहिली नाही, आणि श्रद्धा होती म्हणून चाकरीत कसूर केली असेही नाही.

आता फौजेकडे पाहू. संगमेश्वरी महाराजांना पकडणारा मुकर्रबखान मुळात गोवळकोंड्याच्या मुसलमान सुलतानाचा सरदार. ते राज्य बुडवले औरंगजेबानेच, १६८७ साली. बादशहाकडे बुंदेले होते, राजपूत होते. इकडे स्वराज्याच्या आरमारात दौलतखान आणि सिद्दी मिस्री होते. ही नावे मांडली म्हणून औरंगजेबाचे पाप धुतले जात नाही. धर्माच्या नावाने त्याने जे केले तेही खरेच आहे. मात्र छावणीची हजेरी धर्मावर लागत नव्हती, पगारावर लागत होती.

भीमसेनाच्या नशिबी कीर्ती उशिरा आली. १७९४ साली जोनाथन स्कॉटने त्याच्या लिखाणाचा बराच भाग इंग्रजीत छापला, तोही ‘एका बुंदेला अधिकाऱ्याची’ हकीकत म्हणून. लेखकाचे नावच गेले. जदुनाथ सरकारांनी केलेले भाषांतर वि. गो. खोबरेकरांच्या संपादनाखाली १९७२ साली मुंबईच्या पुराभिलेख विभागाने प्रसिद्ध केले. उर्दू वाचणाऱ्याला मूळ फारसीतले निम्मे शब्द ओळखीचे लागतील, आणि मराठी वाचणाऱ्यालाही: जहागीर, तोफखाना, फौज, रयत, हिशेब. वढूला जाणाऱ्याने हे पुस्तक एकदा चाळावे. त्या छावणीत चाकरी केलेल्या माणसानेच तिची झडती घेतली आहे, आणि ती घेताना त्याने बादशहालाही सोडलेले नाही.