पाच इंचांची गोष्ट



‘थ्री-नॉट-थ्री’ म्हणजे काय हे समजावून सांगावे लागेल असा माणूस या मांडवात क्वचितच असेल. पोलीस ठाण्याच्या दारावरचा पहारेकरी, निवडणुकीच्या केंद्रावरचा शिपाई, खजिन्याच्या पेटीबरोबर निघालेला हवालदार, यांच्या खांद्यावर ती जड, तपकिरी लाकडाची बंदूक आपण पाहत आलो. तिचे खरे नाव ली-एन्फील्ड. आकडा आहे तो नळीच्या आतील व्यासाचा. एका इंचाचे हजार भाग केले तर त्यांतले तीनशे तीन. पण आज मला तिच्या व्यासाविषयी बोलायचे नाही, लांबीविषयी बोलायचे आहे. बंदूक किती लांब असावी हा वरवर पाहता लोहारा-सुताराचा प्रश्न. परंतु या बंदुकीच्या कथेत तो ज्यांनी ज्यांनी सोडवला, त्यांनी ती वाहणार कोण आणि त्याच्यावर आपला भरवसा किती, हा हिशेबही बरोबरीने केलेला दिसतो. त्या हिशेबाचा पुष्कळसा भाग हिंदुस्थानात घडला, म्हणून तो आपल्या कामाचा आहे.

पूर्वीच्या बंदुका लांब का असत? एक कारण दारूचे. काळी दारू सावकाश जळते. गोळीला पुरेसा वेग यायचा तर तिला लांब नळीतून ढकलावे लागे. दुसरे कारण कवायतीचे. पायदळ दोन रांगांत उभे राहून बार काढी, आणि मागच्या रांगेच्या नळीचे तोंड पुढच्याच्या कानशिलापलीकडे गेलेच पाहिजे. तिसरे कारण संगिनीचे. घोडेस्वार अंगावर आला तर बंदूक हाच पायदळाचा भाला. घोडेस्वाराला स्वतःला मात्र लांब बंदूक खोगिरावर सांभाळता येत नाही, म्हणून त्याला आखूड कार्बाइन. अशी एका सैन्यात दोन मापांची हत्यारे चालत.

१८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड आणि तिची ती चरबीची काडतुसे आपल्याला शाळेपासून पाठ आहेत. त्यानंतर काय झाले हे मात्र पाठ्यपुस्तके सांगत नाहीत. नळीच्या आत जे पिळाचे आटे असतात ते गोळीला फिरकी देतात, म्हणून ती सरळ व दूर जाते. सत्तावन्नानंतर हिंदी शिपायांसाठी एन्फील्डचाच एक नमुना मुद्दाम तयार करण्यात आला. बाहेरून तशीच, आत आटे नाहीत, नळी गुळगुळीत. म्हणजे बंदूक होती, पण लांबचा नेम काढून घेतला होता. पुढे आट्यांची बंदूक हिंदी पलटणींना मिळाली तरी एक पायरी मागे ठेवण्याचा शिरस्ता सुटला नाही. १८८० साली मैवंदला मुंबई सैन्याच्या ग्रेनेडियर आणि जेकब्ज रायफल्स या पलटणी जुन्या स्नायडर घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या शेजारची ६६ वी गोरी पलटण नव्या मार्टिनी-हेन्री घेऊन. १८९७ च्या तिराह मोहिमेत गोऱ्यांना दहा काडतुसांची ली-मेटफर्ड होती. हिंदी शिपाई आता कुठे मार्टिनीवर आले होते, आणि तिच्यात एका वेळी एकच काडतूस जाई.

ही ली-मेटफर्ड म्हणजे आपल्या नायिकेचे पहिले रूप. जेम्स पॅरिस ली हा १८३१ साली स्कॉटलंडात जन्मलेला, कॅनडात वाढलेला आणि अमेरिकेत उद्योग केलेला गृहस्थ. खालच्या अंगाने काढता-घालता येणारी काडतुसांची पेटी ही त्याची कल्पना. तिचे पेटंट १८७९ चे. तिच्या जोडीला त्याचा बोल्ट. हा मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर, पुढे लोटला की भरलेले आत. जर्मन माउझरचा बोल्ट पुढच्या टोकाला अडकतो, तो अधिक ताठ. लीचा मागच्या अंगाला अडकतो, म्हणून तो थोडा लवचीक, पण त्याची ये-जा आखूड आणि झपाट्याची. पुढे नावलौकिक झाला तो या झपाट्यामुळे.

ब्रिटिशांनी १८८८ मध्ये या यंत्राला मेटफर्ड नावाच्या इंजिनियरचे उथळ आटे जोडले. ते काळ्या दारूसाठी उत्तम होते. पण दोन-चार वर्षांतच धूर न करणारी कॉर्डाइट आली आणि तिच्या उष्णतेने ते आटे झिजू लागले. तेव्हा एन्फील्डच्या सरकारी कारखान्याने पाच खोल आटे पाडले आणि १८९५ मध्ये ली-एन्फील्ड जन्मली. लांबी साडेएकोणपन्नास इंच, नळी तीस इंचांहून किंचित अधिक. गंमत अशी की काडतुसांच्या पेटीवर एक पत्र्याची झडप बसवलेली होती. ती लोटली की पेटी बंद, मग शिपायाने एकेक काडतूस हाताने भरावे. पेटी राखून ठेवावी, साहेबाचा हुकूम होईल तेव्हाच उघडावी. दहा गोळ्यांची बंदूक हाती देऊन तो त्या उधळील म्हणून कुलूप लावले! हा अविश्वास रंगाचा नव्हता. गोऱ्या सोजिरावरही तो होताच. ती झडप १९१६ साली, महायुद्धाच्या घाईत, काम वाचवण्यासाठी काढली गेली.

१८९९ च्या बोअर युद्धाने लांबीचा जुना हिशेब मोडला. बोअर शेतकरी माउझर घेऊन दगडाआड बसे, पाच काडतुसांची पट्टी एका दमात भरी आणि हजार वारांवरून माणूस टिपी. रांगा करून उभे राहण्याचे दिवस संपले. ब्रिटिश घोडेस्वाराच्या कार्बाइनची नळी पावणेएकवीस इंचांची; माउझरपुढे तिचा पल्ला पुरेना. त्याला पायदळाची बंदूक द्यावी तर ती घोड्यावर नको तितकी लांब. तेव्हा निर्णय झाला तो असा: यापुढे दोन बंदुका नकोत, पायदळ, घोडदळ, तोफखाना, सर्वांना एकच, मधल्या मापाची. नळी सव्वापंचवीस इंच, एकूण लांबी साडेचव्वेचाळीस. बरोबर पाच इंच कमी. हा ‘शॉर्ट’ नमुना १९०३ पासून निघाला आणि १९०७ मध्ये त्याचे प्रसिद्ध मार्क तीन रूप ठरले.

यावर विलायतेत जो गदारोळ उठला तो वाचून आज हसू येते. निशाणबाजीचे शौकीन म्हणू लागले की नळी तोडल्यामुळे बंदूक बिघडली, धक्का वाढला, जाळ वाढला. हे पायदळाला नको व घोडदळाला नको असे बांडगूळ आहे. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. चांदमारीच्या मैदानावर शांतपणे निजून नेम धरायचा तर लांब नळी बरी. पण पोटावर सरपटणाऱ्या माणसाचा विचार त्यात नव्हता. आणि खुद्द सेनाधिकाऱ्यांनाही तो पुरता पटला नसावा, कारण त्यांनी पुढे केले काय? रशिया-जपान युद्धाकडे पाहून जपानी नमुन्याची लांब संगीन घेतली. जुनीचे पाते बारा इंच होते, १९०७ च्या नवीचे सतरा. बंदुकीचे जे पाच इंच तोडले तेच पाच इंच संगिनीला जोडले! घोडेस्वाराला भाल्याने अडवायचे हे जे जुने स्वप्न, ते नळीतून निघून पात्यात जाऊन बसले.

१९१४ च्या ऑगस्टात मॉन्सला या ‘बिघडलेल्या’ बंदुकीने काय केले ते सर्वश्रुत आहे. मिनिटाला पंधरा नेमके बार काढण्याची सोजिरांना शिकवण होती, आणि लीचा तो झपाट्याचा बोल्ट त्या शिकवणीला साथ देणारा होता. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा प्रसंग त्यानंतर दोन महिन्यांच्या आतला आहे. लाहोर आणि मीरत या दोन डिव्हिजनी फ्रान्सात मार्सेच्या धक्क्यावर उतरल्या. त्यांच्या बंदुका जुन्या बोथट गोळीसाठी आखलेल्या. फ्रान्सातल्या सैन्याला मिळत होती नवी, टोकदार, मार्क सात गोळी. तेव्हा धक्क्याजवळच्या छावण्यांत जुन्या बंदुका जमा करून नव्या वाटल्या. ज्या हत्याराशी शिपायाची वर्षानुवर्षांची ओळख ते गेले, आणि अपरिचित हत्यार घेऊन ऑक्टोबराच्या अखेरीस तो फ्लँडर्सच्या चिखलात उतरला. साठ वर्षे एक पायरी मागे ठेवलेल्या सैन्याला ती पायरी चढायला मिळालेले हे दिवस. त्या शिपायांच्या कामगिरीचे मोजमाप करणाऱ्या लेखकांनी थंडीचा उल्लेख पुष्कळ केला आहे. बंदुकीचा त्या मानाने थोडा.

एव्हाना ही बंदूक हिंदुस्थानात तयार होऊ लागली होती. कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळीकाठी इशापूरला रायफलीचा कारखाना १९०४ चा. काडतुसे मात्र आपल्या पुण्याशेजारी खडकीला होत. तो कारखाना १८६९ पासूनचा, आणि काडतुसाच्या बुडावर खडकीच्या कारखान्याची इंग्रजी आद्याक्षरे उठवलेली असत. जगभरच्या जुन्या रणभूमींवर जी रिकामी पितळी काडतुसे अजून सापडतात, त्यांत ही अक्षरे पाहून परदेशी संग्राहक पुण्याचे नाव शिकले आहेत.

दुसऱ्या महायुद्धात विलायतेने बंदूक सुधारली. ‘नंबर चार’ नावाचा तो नमुना. जाड नळी, डोळ्याजवळ छिद्राची माशी. हिंदुस्थानात मात्र इशापूरला जुनाच नमुना चालू राहिला. आणि मग १९४२ मध्ये युद्ध ब्रह्मदेशच्या जंगलात शिरले. वेतांच्या जाळीत जेथे पाच-दहा वारांपलीकडे दिसत नाही, तेथे साडेचव्वेचाळीस इंचांची बंदूक आणि तिच्यापुढे सतरा इंचांचे पाते म्हणजे पाच फुटांचे लोढणे. १९४४ च्या मार्चात मणिपूरच्या डोंगरांत सांगशाकला मराठा पलटणीची चौथी बटालियन जपान्यांशी जेथे झुंजली, तेथे हातघाई किती जवळची होती हे त्या लढाईचे वर्णन वाचणाऱ्यास ठाऊक आहे.

या अडचणीवर दोन उत्तरे निघाली. हिंदुस्थानातील कारखान्यांनी बंदुकीला हात लावला नाही. त्यांनी संगीन तोडली. सतराचे पाते पुन्हा बारा इंचांचे केले. १९०७ साली जोडलेले ते पाच इंच अशा रीतीने पस्तीस वर्षांनी उतरले.

विलायतेने बंदूकच तोडली. हा ‘नंबर पाच’. ‘जंगल कार्बाइन’ हे त्याचे लोकांनी पाडलेले नाव, सरकारी नव्हे. लांबी साडेएकोणचाळीस इंच, म्हणजे पुन्हा पाच इंच कमी. वजन नऊ पौंडांच्या जवळचे सातावर आणले. त्यासाठी कारागिरांनी काय काय कोरले पाहा: नळीचा मागचा जाड भाग खरवडला, बोल्टच्या घराच्या भिंतींतून पोलाद काढले, हाताने धरायची बोल्टची मूठसुद्धा आतून पोकळ केली. पण दारू तीच, गोळी तीच. आखूड नळीत दारू पुरती जळण्याआधीच गोळी बाहेर पडते आणि उरलेली तोंडाशी भडकते. तिचा जाळ झाकायला टोकाला नरसाळे बसवले. हलक्या बंदुकीचा धक्का जवळजवळ दीडपट झाला, त्यासाठी दस्त्याला रबराची टाच लावली. ती टाच अरुंद, आणि कालांतराने रबर कडक होई. मग तीच खांद्यात रुते. हलकेपणा हातांना मिळाला आणि त्याची किंमत खांद्याने दिली.

याहून मोठा दोष नेमाचा होता. आज शून्यावर बसवलेला नेम काही दिवसांनी सरके. पुन्हा बसवावा, पुन्हा सरके. भिंती कोरल्यामुळे घर लवते असे काहींनी म्हटले, पण पुष्कळ परीक्षा करूनही उपाय सापडला नाही, आणि १९४७ मध्ये उत्पादन थांबले. तोवर सुमारे अडीच लाख बंदुका तयार झाल्या होत्या. आजचे काही संग्राहक म्हणतात, आमच्या बंदुकीचा नेम मुळीच सरकत नाही; लष्कराला आपोआप भरणारी रायफल हवी होती, म्हणून हिला बदनाम केले. मला हा कट संभवत नाही. संग्राहक वर्षाला पन्नास बार काढतो. मलायाच्या पावसात शिपायाच्या पाठीवर १९४८ नंतर जे हाल झाले ते त्याच्या कपाटात होत नाहीत. हिंदी पलटणींच्या हाती ब्रह्मदेशात प्रायः इशापूरचीच लांब बंदूक राहिली. मागे राहण्याचा यात एक लाभ झाला म्हणायचा: निदान तिचा नेम सरकत नव्हता.

खरे आखूड हत्यार तोवर दुसरीकडूनच आले होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबरच्या खोऱ्यात तिसऱ्या मराठा बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांची सगळी तुकडी मशीनगनच्या माऱ्याने पडली. ते एकटे धावले. हातबाँब टाकला, टॉमीगनने एकाला टिपले, आणि मॅगझिन बदलायला अवधी नाही म्हणून त्याच बंदुकीच्या प्रहाराने उरलेल्या दोघांना मारले. मागून दुसरीकडच्या गोळ्यांनी ते पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. त्यांच्या हातचे ते हत्यार तीन फुटांहून आखूड होते, पण रायफलीचे वंशज नव्हते. ते पिस्तुलाच्या काडतुसावर चाले.

पुढचे थोडक्यात सांगतो. १९६२ च्या हिवाळ्यात आपला जवान हिमालयात हीच १९०७ ची बंदूक घेऊन उभा राहिला, समोरच्या चिन्यांपाशी आपोआप भरणाऱ्या रायफली होत्या. त्यानंतर इशापूरने आपोआप भरणारी बंदूक काढली, ती पंचेचाळीस इंचांची. म्हणजे जुनीपेक्षा अर्धा इंच लांबच! आखूडपणाचे काम कानपूरच्या नऊ मिलिमीटरच्या कार्बाइनकडे गेले. त्याच सुमारास इशापूरने जुन्या ली-एन्फील्डलाच चांगले पोलाद आणि ७.६२ चे नवे काडतूस देऊन आणखी एक पिढी काढली. तिच्या माशीवर प्रथम दोन हजारांपर्यंतचे आकडे कोरले होते. १९६५ च्या सुमारास कोणाच्या तरी ध्यानात आले की एवढ्या दुरून कोणी मारत नाही, आणि ते आठशेवर आणले.

याच इशापूरने आणखी एक रूपांतर केले. जुन्या .३०३ नळ्या आतून वाढवून, आटे काढून, .४१० च्या गुळगुळीत केल्या, एका वेळी एक काडतूस जाईल अशी तजवीज केली, आणि त्या पोलिसांना व पहारेकऱ्यांना दिल्या. हेतू असा की ती हिसकावली गेली तरी लष्करी काडतूस तिच्यात चालू नये. ही युक्ती इंग्रजांच्या अमलातली. त्यांच्या नंतरही त्या बंदुका पहाऱ्यावर दिसत राहिल्या. २००८ च्या २६ नोव्हेंबरला मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर ज्या शिपायांनी चौतीस इंचांच्या कलाश्निकोव्हला तोंड दिले, त्यांच्या हाती थ्री-नॉट-थ्री आणि काठ्या होत्या. उत्तर प्रदेशच्या पोलिसांनी ती २६ जानेवारी २०२० च्या संचलनात शेवटची खांद्यावर घेतली. लांबी साडेचव्वेचाळीस इंच.