गाडीभाड्याचा हिशेब : दोन पावत्यांवरून नियम काढा, तिसरीवर तपासा

मोर्शी : आंबिया बहार असो की मृग, संत्र्याची तोडणी सुरू झाली की गाडीभाड्याच्या पावत्या जमू लागतात. पावतीवर बहुतेक वेळा कॅरेट किती अन् रुपये किती, एवढंच असतं. ठोक रक्कम किती धरली, कॅरेटमागे दर काय लावला, ते लिहिलेलं नसतं. नववी-दहावीच्या बीजगणितातलं रेषीय समीकरण इथे कामी येतं.

क्रमित जोडी म्हणजे काय?
ठरलेल्या क्रमाने लिहिलेले दोन आकडे. समजा २० कॅरेटचं भाडं १७०० रुपये झालं, तर जोडी (२०, १७००). आधी कॅरेट, मग रुपये. क्रम उलटला की हिशेब चुकला.

नियम कसा काढायचा?
दुसरी पावती ३५ कॅरेट, २३०० रुपयांची आहे असं धरू.
१) कॅरेटमधला फरक : ३५ – २० = १५
२) रुपयांतला फरक : २३०० – १७०० = ६००
३) दर : ६०० ÷ १५ = ४० रुपये कॅरेट
४) ठोक रक्कम : २० कॅरेटचे ८०० रुपये होतात. १७०० मधून ८०० वजा केले, ९०० उरले.

म्हणजे नियम असा : भाडं = ९०० + (४० × कॅरेट).

नेहमीची चूक
२० कॅरेटला १७००, म्हणून ४० कॅरेटला ३४००, असं अनेक जण धरतात. ते बरोबर नाही. ९०० रुपये गाडीचे, ते एकदाच लागतात. नियमाने ४० कॅरेटचं भाडं २५०० रुपये होतं. दुप्पट मालाला दुप्पट भाडं तेव्हाच, जेव्हा ठोक रक्कम शून्य असते.

तिसरी पावती का हवी?
कोणत्याही दोन बिंदूंतून सरळ रेषा जातेच. त्यामुळे दोन पावत्यांतून नियम निघतोच, त्यातली एखादी चुकलेली असली तरी. खरी परीक्षा तिसऱ्या पावतीवर होते. ५० कॅरेटचे २९०० रुपये घेतले असतील, तर ९०० + २००० = २९००. नियम जुळला.

पण ६० कॅरेटचे ३५०० लावले असतील तर? नियमाने ३३०० होतात, २०० जास्त आहेत. लगेच फसवणूक म्हणू नये. हमाली धरली असेल, दर बदलला असेल, बेरीजही चुकली असेल. मात्र पैसे देण्याआधी ‘हे २०० कशाचे?’ हे विचारता येतं.

हा नियम कुठे चालत नाही?
घरगुती वीजबिलात महावितरणचे दर टप्प्यांनी बदलतात : १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० ला दुसरा, पुढे आणखी वेगळा. तिथे सगळ्या बिलाला एकच दर लावून चालत नाही. प्रत्येक टप्प्याचा हिशेब वेगळा करावा लागतो.

सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचंही तसंच. पाण्याची पातळी एक मीटर वाढली म्हणजे साठा दरवेळी सारखाच वाढला, असं नसतं. जलाशय खाली अरुंद, वर पसरट असतो. म्हणून वरच्या मीटरमध्ये जास्त पाणी मावतं. नुसत्या पातळीवरून साठ्याचा सरळ हिशेब मांडला तर तो चुकतो.

घरी सराव करायचा असेल तर
पाणी गोठतं ० अंश सेल्सिअसला, म्हणजे ३२ अंश फॅरेनहाइटला. उकळतं १०० ला, म्हणजे २१२ ला. जोड्या (०, ३२) आणि (१००, २१२). दर १८० ÷ १०० = १.८, ठोक आकडा ३२. आता ३७ घालून पाहा : ६६.६ + ३२ = ९८.६. तापमापीवर ३७ सेल्सिअससमोर हाच आकडा असतो.

लक्षात ठेवा : पावत्या फेकू नका, निदान तीन तरी जपून ठेवा. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवला तरी चालतो.